फिरतीचा लॅपटॉप: आधी बॅग उघडून दाखवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भूजलाच्या कामासाठी महिन्यातले पंधरा-सोळा दिवस फिरती, उन्हाळ्यात माण-खटाव, पावसाळ्यात कोकण. एसटीने तालुक्यापर्यंत, पुढे कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून, शेवटचा टप्पा पायी. काम म्हणजे क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, एक्सेल, विहिरींचे फोटो आणि रात्री बसून अहवाल. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन दीड वर्षात दोनदा गेली आणि ‘मी तो एकदाही पाडलेला नाही’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. आता छोटा, हलका आणि दणकट हवा. हातात ६० हजार आहेत. टफबुक, म्हणजे खडतर जागी वापरायचा जाडजूड लॅपटॉप, घ्यावं का, टॅबवर भागेल का, वापरलेला घ्यायला हरकत आहे का, हे तीन उपप्रश्न.

पाडलेला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, ताई. आधी पुण्यात लॅपटॉप दुरुस्ती केली, आता बरीच वर्षं मोजणी करणाऱ्या पथकांची यंत्रं सांभाळतो. फिरतीवरून माझ्या टेबलावर येणारा लॅपटॉप पडून क्वचित मेलेला असतो, बहुतेकदा दबून मेलेला असतो. हा फरक कळला की अर्धी खरेदी झाली, कारण जाहिराती सगळ्या पडण्याच्या असतात.

मागे आमच्याच पथकातल्या एका मुलीचा लॅपटॉप आला. स्क्रीनच्या वरच्या डाव्या बाजूला शाईसारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या कोळिष्टकासारख्या रेघा. ‘काहीच केलं नाही हो’ म्हणत ती रडकुंडीला आलेली. लॅपटॉप बाजूला ठेवला आणि म्हटलं, बॅग दे. बॅगेत जेवणाचा डबा, ३० मीटरची टेप, दोन वह्या आणि चार्जर. लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात, झाकण सामानाच्या बाजूला. चार्जरचा तो ठोकळ्याएवढा तीन पिनांचा प्लग, पिना थेट झाकणाकडे करून बसलेला. लॅपटॉप बंद करून झाकण खिडकीच्या तिरप्या उजेडात धरलं तर डागाच्या बरोबर मागे हरभऱ्याच्या दाण्याएवढा खळगा होता. त्यावर पिन टेकवली, चपखल बसली. बॅग एसटीच्या रॅकवर कोंबली गेली, वर कुणाचं तरी गाठोडं आलं आणि पुढे दीड तास खड्ड्यांचा रस्ता. तेवढं पुरलं.

झाकणातलं पॅनेल म्हणजे काचेचे दोन पापुद्रे आणि मध्ये द्रव स्फटिकाचा थर. दोन्ही काचा मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरभर. तळहाताने दाबलं तर ते सोसतं, टोकाने दाबलं तर सोसत नाही. म्हणून नवीन मशीन घ्यायच्या आधी तुमची बॅग रिकामी करून बघा, की झाकणाला काय टेकतं. चार्जर, पाण्याची बाटली, चाव्यांचा जुडगा, तुमच्या कामात पाणीपातळी मोजायच्या टेपचं धातूचं टोक. पैकी काहीतरी गुन्हेगार निघेल.

आता ‘छोटा’ का घ्यायचा. वजनासाठी नव्हे, निदान आधी तरी नव्हे. सहा फुटी फळीवर मधोमध बसलात तर ती वाकते. तीच फळी कापून दोन फुटांची केली तर तिच्यावर उभे राहिलात तरी हलत नाही. झाकणाचं तसंच आहे. जाडी तीच ठेवून लांबी वाढवली की वाक भलताच वाढतो. १५.६ इंची स्वस्त लॅपटॉपचं प्लास्टिकचं झाकण दोन्ही कोपरे धरून हलकं पिळून बघा, पापड हलल्यासारखं हलतं. १३ इंची, मॅग्नेशियम मिश्रधातूचं किंवा ॲल्युमिनियमचं झाकण असं हलत नाही. तुमच्यासाठी दणकटपणा तिथे आहे, रबरी कोपऱ्यांत नाही.

‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दाबद्दल. हल्ली चाळीस हजारांच्या लॅपटॉपच्या खोक्यावरही मिल-एसटीडी-८१० छापलेलं असतं. ते अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचण्यांचं प्रमाणक आहे, सध्याची आवृत्ती ‘एच’, २०१९ची. त्यात उंची, उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, थरथर, धक्का अशा डझनावारी चाचण्यांच्या पद्धती दिल्यात. पण त्यातल्या कुठल्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि पास झाल्याचा शिक्का देणारं कुठलंही सरकारी कार्यालय नाही. त्यातली पाडण्याची प्रसिद्ध चाचणी घ्या. १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायचं, सहा बाजूंवर, बारा कडांवर, आठ कोपऱ्यांवर. ऐकायला जबरदस्त. पण हे २६ वेळा पाडणं पाच नगांत वाटून घ्यायची मुभा त्याच प्रमाणकात आहे. म्हणजे एकेक लॅपटॉप पाच-सहा वेळा पडला तरी चाललं. आणि वरून गाठोडं ठेवून चार्जरची पिन झाकणात दाबायची चाचणी त्यात नाहीच. म्हणून तो शिक्का असेल तर चांगलं, नसेल तर अडत नाही. शिक्क्यापेक्षा झाकण पिळून बघणं मला जास्त सांगतं.

धूळ-पाणी किती अडतं हे सांगणारा आयपीचा आकडा मात्र प्रामाणिक असतो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५३ म्हणजे धूळ आत गेली तरी बिघाड होण्याइतकी नाही आणि तिरप्या पावसाचे फवारे चालतील. आयपी६५ म्हणजे धूळबंद, आणि पाण्याचा झोतही चालेल. साध्या लॅपटॉपला असा आकडाच नसतो, कारण पंख्याची जाळी उघडी असते. ज्या मशीनवर आयपी लिहिलेला नाही ते पावसात उघडायचं नाही, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

इथून टफबुककडे. पॅनासोनिकने पहिलं टफबुक १९९६ साली काढलं, आणि त्या जातीच्या मशीनबद्दल मला मनापासून आदर आहे. डेलच्या रग्ड मालिकेत आणि गेटॅकमध्येही तशीच यंत्रं मिळतात. पण टफबुक ४० चं वजन सव्वातीन किलोच्या पुढे जातं, आणि नवं घ्यायचं तर किंमत लाखांत. जुनं घ्यायचं तर बॅटरी म्हातारी, सुटे भाग शोधत बसायचं आणि वजन तेवढंच. ते कुणासाठी असतं? बोअरच्या रिगवर, होडीत, गस्तीच्या गाडीत, जिथे मशीन दिवसभर उघडंच असतं, हातमोजे घालून वापरायचं असतं आणि आडोसा नसतो, त्यांच्यासाठी. तिथे त्याला पर्याय नाही. तुम्ही लॅपटॉप शाळेच्या ओट्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर उघडता. त्यासाठी तीन किलो पाठीवर वागवायचे म्हणजे बाजारहाटाला बैलगाडी नेण्यासारखं आहे. मान आणि कंबरही तुमचीच आहे.

आणि विहिरीच्या काठावर लॅपटॉप काढताच कशाला? नोंदी फोनवर घ्या. क्यूजीआयएसचा प्रकल्प क्यूफील्ड नावाच्या ॲपमध्ये फोनवर उघडतो, तिथेच बिंदू टाकायचा, पातळी लिहायची, फोटो जोडायचा. नकाशा आधी फोनमध्ये भरून घेतला की रेंज नसली तरी चालतं. प्रश्नावली भरायची असेल तर कोबोकलेक्ट नावाचं ॲपही तसंच रेंजशिवाय चालतं. आज मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनना आयपी६७ किंवा ६८ असतं, म्हणजे ज्या ‘रग्ड कॉम्प्युटर’साठी तुम्ही धडपडताय तो बहुधा खिशातच आहे. आमच्या पथकांनी ही सवय लावून घेतल्यापासून लॅपटॉप दिवसभर बॅगेत झोपतो आणि संध्याकाळी मुक्कामी उठतो. मग त्याच्याकडून फक्त एवढंच मागायचं: बॅगेत दबून मरू नकोस, दमट हवेत कुजू नकोस, आणि वीज गेली तरी तीन तास काम दे. हे सगळं साध्या पण चांगल्या बांधणीच्या लॅपटॉपला जमतं.

तर माझं उत्तर: १३.३ इंची, कंपन्यांसाठी बनवलेल्या मालिकेतला, वापरलेला लॅपटॉप. एचपीची एलिटबुक ८३०, डेलची लॅटिट्यूड ७३००च्या आसपासची मॉडेलं, लेनोव्होचा थिंकपॅड एक्स१३. वजन सव्वा ते दीड किलोच्या मध्ये. बड्या कंपन्या ही मशिनं तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात, मग ती बाजारात येतात. घरगुती मालिकेतल्या नव्या लॅपटॉपच्या किमतीत, बऱ्याचदा त्याहून कमीत, दुप्पट दर्जाची बांधणी मिळते. बिजागरी धातूच्या सांगाड्यावर स्क्रूने आवळलेली असते. स्वस्त मॉडेलात ती प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांवर असते. ते प्लास्टिक दोन वर्षांत तडकतं आणि झाकण उघडताना स्क्रीनची कड उलते. तुम्ही असे लॅपटॉप पाहिले असतील, कडेला सेलोटेप लावून चाललेले.

या तिघांत मी एलिटबुक ८३० कडे झुकतो, कारण रॅमचे दोन स्लॉट आहेत, हवी तेव्हा वाढवता येते. क्यूजीआयएसमध्ये उपग्रह चित्रं उघडत असाल तर १६ जीबी लागेलच. एक्स१३ मध्ये रॅम बोर्डावर डकवलेली असते, जितकी घ्याल तितकीच जन्मभर. कळफलक मात्र थिंकपॅडचाच, अहवाल लिहिणाऱ्याला त्याचा फरक जाणवतो. हा आवडीचा भाग झाला.

किती जुनं चालेल? इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या मागे जाऊ नका. विंडोज १०ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे आठवी पिढी किंवा पुढचंच लागतं. दुकानदार ‘मॅडम, चालतं की, टाकून देतो’ म्हणेल. तो टाकतोही. पुढे एखाद्या मोठ्या अपडेटला अडकलात की तो सापडत नाही. माझ्या मते तुम्ही अकराव्या पिढीचं बघावं. तुमच्या बजेटच्या साधारण निम्म्या-पाऊण रकमेत ते बसतं, आणि उरलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

मॅकबुक एअर सुचवणारेही भेटतील. एम१चं मॉडेल, २०२०चं, वजन १.२९ किलो. त्याला पंखाच नाही, म्हणजे माणची धूळ ओढून घ्यायला तोंडच नाही, आणि बॅटरी दिवसभर पुरते. क्यूजीआयएस त्यावर चालतं. मग मी का थांबतो? एक, तुमच्या खात्याची किंवा यंत्रांची सॉफ्टवेअर्स बहुधा फक्त विंडोजची असतील, आधी खात्री करा. दोन, साठवण आणि रॅम दोन्ही बोर्डावर पक्की. बोर्ड गेला तर आतला डेटाही गेला. तीन, झाकणाची फट इतकी बारीक, की कळफलकावर वाळूचा मोठा कण राहिला आणि झाकण मिटलं तरी काचेला धोका. तालुक्याच्या गावात त्याची स्क्रीन बदलून मिळत नाही, मिळाली तर किमतीने डोळे पांढरे होतात. शहरातून शहरात फिरणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगितलं असतं.

टॅबवर भागेल का, तर नाही. मोठं एक्सेल आणि क्यूजीआयएसचा पूर्ण अवतार अँड्रॉइडवर चालत नाही. विंडोजचे टॅब, उदाहरणार्थ सरफेस गो, हलके असतात खरे, पण मांडीवर टेकवून तीन पानं लिहून बघा. आणि ११.६ इंची शाळकरी मशिनं दणकट असली तरी त्यांत ईएमएमसी नावाची संथ साठवण असते. क्यूजीआयएस उघडायला लावून चहा करून यावं.

सात-आठ इंची खिशातल्या लॅपटॉपबद्दल मला स्वतःला कमालीचं प्रेम आहे, हे कबूल करतो. २००७ साली आसुसने ईई पीसी काढला, सात इंची स्क्रीन, किलोच्याही आत, ४ जीबीची साठवण, आणि आत फिरणारी डिस्क नाही. मी एक मिळवला होता आणि वर्षभर तो सगळीकडे मिरवला. अहवाल मात्र घरी येऊनच लिहायचो. आजचे जीपीडी कंपनीच्या लॅपटॉपसारखे चिमुकले त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहेत, पण कळफलक बोटभर आणि बिघडला तर गावात कुणी उघडणार नाही. हौस म्हणून घ्या, पोटापाण्यासाठी नको.

वापरलेला घेताना दुकानात काय बघायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, किंवा तुमच्या शहरातलं माहितीतलं दुकान, पण प्रत्यक्ष हातात घेऊन घ्या. चालू करताना आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर लॅपटॉप परत ठेवा आणि दुकानाबाहेर पडा, कारण कंपनीचा जुना कुलूपबंद पासवर्ड तुमच्या गळ्यात पडेल. मग झाकण एका बोटाने उघडून बघा. तळ टेबलावरून उचलला गेला नाही आणि मधल्या कुठल्याही कोनात स्क्रीन थांबली, तर बिजागरी ठीक. पांढरं पान उघडून स्क्रीनवर ढगाळ पांढरे ठिपके दिसतात का पाहा. ते जुन्या दाबाचे वळ असतात. टाइप-सीची केबल लावून हळूच वर-खाली हलवा, चार्जिंग तुटायला नको. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, त्यात मूळची क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी येते. आताची मूळच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. शेवटी खालचे स्क्रू मोजा. एखादा गायब असेल किंवा डोकी झिजलेली असतील तर आत कुणीतरी घाईत हात घातलाय. दुकानदार मागचं झाकण उघडून दाखवायला तयार असेल तर बॅटरीचा कनेक्टर आणि बोर्डाची कड बघा. तिथे हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर ते मशीन समुद्राकाठी नांदून आलंय. घेऊ नका.

कोकण आलंच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण पावसापेक्षा तिथली हवा जास्त लॅपटॉप खाते. पाऊस दिसतो, माणूस बॅग झाकतो. दमटपणा दिसत नाही. गार एसी गाडीतून उतरून लगेच बाहेर लॅपटॉप उघडलात तर गार धातूवर पाणी धरतं, अगदी फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं, आणि ते आतल्या बोर्डावरही धरतं. उतरल्यावर अर्धा-पाऊण तास बॅग बंदच ठेवा, लॅपटॉप बाहेरच्या हवेइतका कोमट होऊ दे, मग चालू करा. महिनाभर कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप रोज वापरल्या जाणाऱ्यापेक्षा लवकर बिघडतो, हा मला जुलैत दरवर्षी येणारा अनुभव. चालू मशीन स्वतःच्या उबेने स्वतःला सुकवत असतं.

बॅगेच्या रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. दुचाकीवर पाणी पाठीवरून ओघळतं आणि बॅग व पाठ यांच्या मधून आत जातं, नेमकं लॅपटॉपच्याच कप्प्यात. लॅपटॉप आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग ट्रेकिंगच्या ड्राय बॅगेत किंवा जाड पॉलिथिनच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून रबर. खताच्या पोत्यातलं अस्तर जाड असतं म्हणून वापरणारे पाहिलेत. ते करू नका. धुतलं तरी खताचा अंश राहतो, तो ओल ओढतो आणि धातू खातो. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या नारिंगी घ्या. ओल्या झाल्या की कापडी पुडी असेल तर आतले मणी काढून मंद आचेवर तव्यावर परतायचे, पुन्हा नारिंगी झाले की भरायचे. स्वयंपाकाचा तवा नको, वेगळा जुना ठेवा.

चहा सांडला तर? बटण दाबून धरून लगेच बंद, चार्जर काढा, तंबूसारखा उलटा उभा करा. थिंकपॅड आणि लॅटिट्यूडच्या बऱ्याच मॉडेलांत कळफलकावरचं पाणी अडवायची किंवा खालून वाहून जायची सोय असते, पण ती वेळ मिळावा म्हणून असते, अभय म्हणून नाही. तांदळात ठेवायच्या भानगडीत पडू नका, पिठूळ भुकटी पंख्यात जाते. साखरेचा चहा असेल तर वरून सुकलेला दिसला तरी चालू करू नका, उघडून साफ करून घ्या. साध्या पाण्याने मरत नाही इतका तो त्या साखरेने मरतो.

माणच्या धुळीसाठी एवढंच: दर सहा महिन्यांनी मागचं झाकण उघडून पंखा साफ करून घ्या, आणि गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरू नका. मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका. बॅटरी फुगते, फुगलेली बॅटरी आतून टचपॅड वर ढकलते. टचपॅड क्लिक होईनासा झाला तर आधी तो संशय घ्या आणि मशीन वापरणं थांबवा.

आता वीज. तुमच्या लॅपटॉपला टाइप-सीवरून चार्जिंग हवंच, ही माझी एकमेव हट्टाची अट. मग लॅपटॉप, फोन, पॉवर बँक यांना एकच ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइड) चार्जर पुरतो. तो मुठीएवढा असतो, आणि तो तीन पिनांचा ठोकळा बॅगेतून कायमचा जातो. म्हणजे गुन्हेगारच हद्दपार. पॉवर बँक घेताना एमएएच बघू नका, टाइप-सीवर २० व्होल्टला किमान ४५ वॉट देते का ते बघा. नुसती फोनची असेल तर लॅपटॉप तिला ओळखही देणार नाही. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवरची. रूपांतरात काही जातं, तरी ५३ वॉट-अवरची लॅपटॉपची बॅटरी जवळजवळ एकदा भरते. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बँक विनापरवानगी चालते, पण हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. मुक्कामाच्या ठिकाणी सॉकेट ढिले असतात, चार्जर लोंबकळतो आणि ठिणग्या पडतात. एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड जवळ ठेवा. चार्जर भिंतीला लटकण्याऐवजी जमिनीवर राहतो, आणि घरातल्यांचा एकुलता प्लग आपण अडवत नाही.

डेटाबद्दल थोडक्यात. रोज रात्री फोनमधल्या नोंदी लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपवरून छोट्या पोर्टेबल एसएसडीवर. ती एसएसडी लॅपटॉपच्या बॅगेत नाही, कपड्यांच्या पिशवीत. बॅग गेली तर दोन्ही जायला नकोत. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह केलेली की घेऊन माझ्याकडे आलेले दोन जण आहेत. त्यांना मी काय मदत करणार!

उरलेले पैसे असे लावा: नवी बॅटरी, एसएसडी, गॅन चार्जर, पॉवर बँक, आणि कडक पाठीची बॅग. बॅगेत लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन बोटं वर शिवलेला हवा, नाहीतर बॅग खाली टेकवताना दरवेळी लॅपटॉपच टेकतो. लॅपटॉप ठेवताना झाकण पाठीकडे, तळ सामानाकडे. झाकणाच्या बाजूला पुठ्ठ्याची किंवा तीन मिलिमीटर प्लायची फळी सरकवली तर आणखी उत्तम. आमच्याकडे सगळ्यांच्या बॅगेत परीक्षेला वापरतात तसलं क्लिप काढलेलं पॅड आहे, चाळीस-पन्नास रुपयांचं. त्या मुलीची स्क्रीन पुन्हा गेलेली नाही.

सगळं भरलं की बॅग किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. लॅपटॉपचं वजन सगळे विचारतात, बॅगेचं कुणी विचारत नाही. पाण्याच्या बाटलीसह चार किलोच्या आत आली तर दिवसभर चालवते. जास्त भरली तर आधी जुना चार्जर आणि जाडजूड वह्या काढा.

वेळ म्हणाल तर मेमध्येच घ्या, जूनची वाट बघू नका. बरी दुकानं काही दिवसांची बदलून द्यायची मुदत देतात, ती बिलावर लिहून घ्या. त्या मुदतीत घरी टेबलावर बसून तपासू नका. बॅग भरा, एसटीने एक पूर्ण फिरती करा, आणि परत आल्यावर झाकण तिरप्या उजेडात धरून बघा.